पक्षीमित्र मंडळाची जुनी वही

पक्षीनिरीक्षकांच्या गटात सगळ्यात जास्त गाजतो तो कधी नव्हे तो दिसलेला पक्षी. वाट चुकलेलं एखादं बदक तळ्यावर उतरतं, तासाभरात फोनाफोनी होते आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत काठावर कॅमेऱ्यांची रांग लागते. त्याच तळ्यावर मंडळातलं कुणीतरी दर महिन्याला ठरल्या दिवशी टिटव्या, पाणकोंबड्या आणि बगळे मोजत असतं. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. खरं तर भरकटलेल्या एका बदकावरून त्याच्या जातीबद्दल फारसं काही कळत नाही. टिटव्यांच्या वीस वर्षांच्या आकड्यांवरून मात्र त्या तळ्याचं आणि भोवतालच्या माळाचं काय चाललंय ते कळतं. मंडळाची खरी कमाई त्या कंटाळवाण्या वहीत असते.

अशी मंडळं मुळात मोजण्यासाठी निघालीच नव्हती. ती निघाली टोप्यांपायी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर पिसं मिरवायची फॅशन जोरात होती. सगळ्यात जास्त मागणी होती बगळ्यांच्या पाठीवरच्या झुबकेदार, तलम पिसांना. ही पिसं फक्त विणीच्या हंगामात येतात, म्हणजे शिकारी नेमके घरट्यांच्या वसाहतीवरच जाणार. आईबाप मारले की घरट्यातली पिल्लं उपाशी मरत. एका पिसापायी अख्खी पिढी जात होती आणि वसाहतीच्या वसाहती ओस पडत होत्या. १८८९ मध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरीत एमिली विल्यमसन यांनी पिसं न वापरण्याची शपथ घेणाऱ्या बायकांचं मंडळ काढलं. ब्रिटनमधली आजची पक्षी संरक्षणाची सर्वांत मोठी संस्था, आरएसपीबी, त्यातूनच उभी राहिली. १८९६ मध्ये बोस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी शहरातल्या प्रतिष्ठित घरांची यादी समोर घेतली, पिसांच्या टोप्या घालणाऱ्या बायका हेरल्या आणि त्यांना चहाला बोलावलं. त्यातून मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन सोसायटी जन्माला आली. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १९२१ मध्ये ब्रिटनने पिसांच्या आयातीवर बंदी घातली. वैज्ञानिक म्हणावं असं यात अजून काहीच नव्हतं, पण माणसं जमली होती.

मोजणी आली ती शिकारीच्या जागी. अमेरिकेत नाताळला एक खेळ चाले: दोन गट करायचे, रानात जायचं, दिसेल ते टिपायचं आणि संध्याकाळी ज्यांचा ढीग मोठा ते जिंकले. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी सुचवलं की मारू नका, मोजा. २५ डिसेंबर १९०० रोजी २७ जणांनी २५ ठिकाणी ते केलं. ती गणना आजही दरवर्षी होते, आता दोन हजारांहून जास्त ठिकाणी. चुरस तीच राहिली, फक्त बंदूक गेली. माणसाच्या स्वभावाशी भांडत न बसता त्याला वेगळं काम लावून देण्याचं इतकं चांगलं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

पण नुसतं मोजून भागत नाही. समजा, एका वर्षी तिघं जण तीन वाटांनी दोन-दोन तास फिरले आणि त्यांना ४२ चिमण्या दिसल्या. काही वर्षांनी मंडळ वाढलं, बारा जण बारा वाटांनी पाच-पाच तास फिरले आणि ९० दिसल्या. वार्षिक अहवालात ‘चिमण्या दुपटीहून जास्त वाढल्या’ असं खुशाल छापून येईल. हिशेब करून पाहा: पहिल्या वर्षी सहा तासांत ४२, म्हणजे तासाला सात. नंतर साठ तासांत ९०, म्हणजे तासाला दीड. वाढली ती माणसं. म्हणून किती जण, किती वेळ, किती अंतर, हे पक्ष्यांच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं. ज्या वहीत ते नाही तिच्यावरून कोणता पक्षी होता ते कळतं. वाढला की घटला ते सांगणं जड जातं.

चँडलर रॉबिन्स यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या विणीच्या हंगामातल्या सर्वेक्षणात ही गोष्ट अगदी काटेकोरपणे बांधून घेतली आहे. सुमारे चाळीस किलोमीटरचा ठरलेला रस्ता, त्यावर ५० ठरलेले थांबे, प्रत्येक थांब्यावर बरोबर तीन मिनिटं, सुरुवात सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. तीन मिनिटं झाली की निघायचं, मग झुडपात काहीतरी भारी हलत का असेना. हौशी माणसाचा जीव तुटतो अशा वेळी. पण सगळे तीनच मिनिटं थांबले म्हणूनच एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता येते. उत्तर अमेरिकेत १९७० पासून सुमारे तीन अब्ज पक्षी कमी झाले, हा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निघाला तो बऱ्याच अंशी या सर्वेक्षणातून. त्यात सर्वांत मोठी घट गवताळ माळांवरच्या पक्ष्यांची होती आणि एकूण नुकसानीचा मोठा वाटा नेहमीच्या, कुणी वळूनही पाहत नाही अशा जातींचा होता.

दुसरी अडचण याहून चिवट आहे. पक्षी दिसला नाही म्हणजे तो तिथे नाही, असं नसतं. पानाआड असेल, गप्प असेल किंवा मोजणाऱ्याला ऐकू आला नसेल. युरोपातल्या गोल्डक्रेस्टसारख्या चिमुकल्या पक्ष्याची शीळ सात-आठ किलोहर्ट्झच्या घरात असते आणि वयाबरोबर माणसाचे कान आधी हेच बारीक आवाज सोडून देतात. चाळीस वर्षं एकाच माणसाने एकाच रानात मोजणी केली आणि असा पक्षी हळूहळू कमी होताना दिसला, तर आधी तरुण कान सोबत न्यावेत, मग निष्कर्ष काढावा. मोठ्या थव्यांचंही तेच. थवा जितका मोठा तितका आपला अंदाज कमी पडतो. म्हणून सरावलेले लोक आधी थव्याच्या कडेचे दहा पक्षी नीट मोजतात, तेवढा तुकडा नजरेत धरतात आणि तसे किती तुकडे पुऱ्या थव्यात बसतात ते पाहतात.

जुन्या नोंदी नेमक्या कधी कामाला येतील हे आधी सांगता येत नाही. बहिरी ससाण्याची हकिगत त्यासाठी मुळातून पाहण्यासारखी आहे. १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांनी सरकारकडे तक्रार केली, की ससाणे फार झालेत, आमची कबुतरं मारतात, त्यांचं संरक्षण काढून घ्या. सरकारने हौशी निरीक्षकांची संस्था ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी हिला मोजणी करायला सांगितली आणि ते काम डेरेक रॅटक्लिफ यांनी पाहिलं. निघालं भलतंच. पिढ्यानपिढ्या ससाण्यांची घरटी असलेले कडे एकामागून एक रिकामे सापडले. आता हा कडा रिकामा ‘झाला’ हे कळायला तो आधी भरलेला होता हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं. ते लिहून ठेवलं होतं.

रॅटक्लिफना काही घरट्यांत फुटलेली अंडी दिसली होती. मग त्यांनी जुन्या संग्रहांतली अंडी काढली, मापं घेतली, वजनं केली. साधारण १९४७ पासूनची कवचं सुमारे एक पंचमांशाने पातळ निघाली. हा निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. डीडीटी या कीटकनाशकाचा शेतीतला वापर सुरू झाला तोही दुसऱ्या महायुद्धानंतरच. डीडीटीपासून शरीरात डीडीई बनतं. ते चरबीत साठतं आणि किड्यातून लहान पक्ष्यात, लहान पक्ष्यातून ससाण्यात जाताना त्याचं प्रमाण वाढत जातं. मादीच्या कवचग्रंथीत कॅल्शियम पोहोचण्यात ते अडथळा आणतं. परिणामी कवच पातळ होतं आणि उबवायला बसल्यावर आईच्याच वजनाने अंडं फुटतं. गंमत अशी, की हा पुरावा ज्यांच्या पेट्यांतून निघाला त्या अंडी जमवणाऱ्यांच्या छंदावर ब्रिटनने १९५४ मध्येच बंदी आणली होती, आणि ते योग्यच होतं. पण त्या लोकांनी अंड्याबरोबर तारीख आणि जागा लिहिली होती. तारखा नसत्या तर त्या पेट्या नुसती शोभेची वस्तू ठरल्या असत्या.

सगळीच मंडळं पक्षी हातात घेत नाहीत, आणि परवाना व प्रशिक्षणाशिवाय घेऊही नये. पण पायात रिंग घालण्याचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. बारीक धाग्याच्या जाळीतून सोडवलेला पक्षी कापडी पिशवीतून येतो. त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळहाताला टेकलेली. ॲल्युमिनियमची हलकी रिंग, तिच्यावर जगात दुसऱ्या कुठल्या रिंगवर नसलेला क्रमांक. पट्टीवर पंखाची लांबी. मग छातीवर हलकेच फुंकर मारायची, की पिसं बाजूला होतात आणि पातळ कातडीखाली, गळ्याच्या खळग्यात पिवळसर चरबी दिसते. खळगा भरलेला असेल तर स्वारी लांबच्या प्रवासाला निघाली आहे. वजन करायचं आणि सोडून द्यायचं. ही पद्धत रुळवली डेन्मार्कमधल्या हान्स क्रिश्चन मॉर्टेनसेन या शाळामास्तरांनी. त्यांच्या जस्ताच्या रिंगा जड पडल्या, तेव्हा १८९९ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमच्या केल्या. १९११ मध्ये इंग्लंडमधल्या एका वकिलाने आपल्या घराच्या पोर्चमध्ये रिंग घातलेली भिंगरी पुढच्या वर्षी डिसेंबरात थेट दक्षिण आफ्रिकेत सापडली. चँडलर रॉबिन्स यांनीच १९५६ मध्ये रिंग घातलेली ‘विस्डम’ नावाची अल्बाट्रॉस मादी २०२४ मध्येही अंडं घालत होती. अल्बाट्रॉस इतकं जगतो हे त्या रिंगेवाचून कुणाला कळलं असतं?

आता अ‍ॅप आलेत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेल्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर १०० कोटींहून जास्त नोंदी आहेत. तिथे यादी देताना एक प्रश्न असतो, की ओळखता आलेले सगळे पक्षी यात लिहिलेत का? ‘हो’ म्हटलं, की यादीत नसलेल्या जातींनाही किंमत येते, कारण आता ते रकाने कोरे राहत नाहीत, त्यांच्यात शून्य बसतं. निवडक पक्ष्यांच्या यादीतून हे शून्य मिळत नाही.

त्यामुळे ज्या मंडळांकडे जुन्या वह्या आहेत त्यांनी त्या संगणकावर चढवताना दुर्मीळ पक्ष्यांची पानं आधी उघडू नयेत. तारीख, जागा, वेळ आणि माणसं ज्या पानांवर आहेत ती पानं आधी. वेळ लिहिलेली नसेल तर अंदाजाने भरू नये. ई-बर्डमध्ये अशा नोंदींसाठी ‘ऐतिहासिक’ असा वेगळा प्रकार आहे. शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांच्या नेमक्या जागा मात्र उघड करू नयेत. कॅमेरेवाल्यांच्या गर्दीने भरली घरटी सोडून गेलेले पक्षी कमी नाहीत. आणि ‘बाकी नेहमीचे पक्षी दिसले’ असं लिहून मोकळी झालेली पानं सापडतील, ढिगाने सापडतील. चिमण्या घटल्या असं सगळे म्हणतात, पण कितीवरून घटल्या ते बऱ्याच ठिकाणी सांगता येत नाही, ते याच वाक्यामुळे.