परिसरनियोजनातील लोकसहभाग

शहरातील एखाद्या परिसराची सुधारणा किंवा पुनर्रचना करताना तिथल्या रहिवाशांनी पाहणी, आराखडा, खर्चाचे अग्रक्रम, अंमलबजावणी आणि देखभाल यांत भाग घेणे, याला परिसरनियोजनातील लोकसहभाग म्हणतात. संपूर्ण शहराच्या विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवण्याच्या प्रथेपेक्षा ही संकल्पना वेगळी आहे. येथे एकक लहान असते आणि रहिवासी केवळ तयार आराखड्यावर मत देत नाहीत, तर आराखडा घडवण्यात वाटेकरी असतात. सहभाग नेमका कशाला म्हणावे, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. माहिती देणे आणि मत विचारणे यांनाही काहीजण सहभाग मानतात. प्रस्तुत नोंदीत मात्र निर्णयावर व पैशावर रहिवाशांचा थोडाफार तरी अधिकार असणे, हा निकष धरला आहे.

उगम : या विचाराचा आरंभ कोठून धरावा, हा वादाचा विषय आहे. एक मत पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाकडे व नगररचनाकाराकडे बोट दाखवते. एडिंबरोच्या जुन्या भागात त्याने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पडझड झालेली घरे पाडून टाकण्याऐवजी दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. १९१४ नंतर भारतातील अनेक शहरांसाठी त्याने अहवाल लिहिले. आधी पाहणी, मग आराखडा हे त्याचे सूत्र होते. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढण्याला त्याचा विरोध होता. मोजकी घरे हलवून हवा, उजेड आणि मोकळी जागा मिळवावी, म्हणजे विस्थापन व खर्च दोन्ही कमी होतात, हे त्याने तंजावरसारख्या ठिकाणी नकाशे शेजारी-शेजारी ठेवून दाखवले.

गेडिसच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत प्रसिद्ध दाखला इंदूरचा आहे. तेथे प्लेगची भीती असताना, साधारण १९१७–१८ च्या सुमारास, त्याने दिवाळीच्या मिरवणुकीची आखणी केली. ज्या भागातील लोक आपली घरे व रस्ते सर्वांत चांगले स्वच्छ आणि दुरुस्त करतील, त्या भागातून मिरवणूक जाईल, असे आधी जाहीर करण्यात आले. मिरवणुकीत प्लेगचे प्रतीक म्हणून प्रचंड उंदीर होता, सफाई कामगारांना मानाचे स्थान होते आणि नगराला देवतेचे रूप देऊन तिचीही मिरवणूक निघाली. मिरवणुकीपूर्वी शहरातून मोठ्या प्रमाणावर कचरा हलवला गेला, असे वर्णन आढळते. प्रसंग विलक्षण आहे. तरीही मिरवणुकीचा मार्ग, तिचे नियम आणि नंतरचा १९१८ चा दोन खंडांतील अहवाल हे सारे गेडिसनेच ठरवले होते. रहिवाशांच्या श्रमांना त्यात जागा होती, निर्णयात नव्हती. म्हणून गेडिसला या विचाराचा जनक म्हणण्यापेक्षा पूर्वसूरी म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते.

दुसरे मत सेवावसाहतींच्या, म्हणजे सुशिक्षितांनी गरीब वस्तीत जाऊन राहण्याच्या व तेथे काम करण्याच्या, चळवळीला अग्रमान देते. लंडनमधील टॉयन्बी हॉल (१८८४) आणि जेन ॲडम्स व एलन गेट्स स्टार यांनी शिकागोत सुरू केलेले हल हाउस (१८८९) ही तिची ठळक उदाहरणे. हल हाउसच्या कार्यकर्त्यांनी आसपासच्या वस्तीतील घराघराची माहिती गोळा करून राष्ट्रीयत्व व वेतन दाखवणारे रंगीत नकाशे १८९५ मध्ये प्रसिद्ध केले. परिसराच्या पाहणीचा तो पायंडा ठरला. पण पाहणी करणारे बहुतांशी बाहेरून येऊन राहिलेले सुशिक्षित लोक होते.

तिसऱ्या मतानुसार खरा आरंभ १९३९ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांमागील ‘बॅक ऑफ द यार्ड्स’ या कामगारवस्तीत झाला. सॉल अलिन्स्की आणि जोसेफ मीगन यांनी तेथे चर्च, कामगार संघटना व वस्तीतील मंडळे यांची एक परिषद उभारली. परस्परांशी वैर असलेल्या स्थलांतरित गटांनी या परिषदेत एकत्र बसून मागण्या ठरवल्या आणि पालिका व कारखानदार यांच्याशी वाटाघाटी केल्या. वर दिलेला निकष लावला, तर तीन मतांपैकी हेच जास्त ग्राह्य वाटते. क्लॅरेन्स पेरी याने १९२९ मध्ये मांडलेली ‘परिसर-एकक’ ही कल्पनाही कधी कधी या मालिकेत घातली जाते. प्राथमिक शाळेभोवतीच्या लोकवस्तीला तिने मोजमाप दिले, पण रहिवाशांना भूमिका दिली नाही.

कायद्यातील प्रवेश : अमेरिकेत १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने जुन्या वस्त्या पाडून नव्याने बांधण्यास संघराज्याचा पैसा उपलब्ध झाला. १९५४ च्या दुरुस्तीने त्यासाठी नागरिकांच्या सहभागाची अट घातली. व्यवहारात ती शहरातील प्रतिष्ठितांची सल्लागार समिती नेमून पुरी होई. ज्यांची घरे पडणार ते बहुधा त्या समितीत नसत, आणि पाडकामाचा सर्वांत मोठा भार कृष्णवर्णीय व गरीब वस्त्यांवर पडला. त्यातून उठलेल्या प्रतिकाराने पुढचे दशक घडवले. लेखिका व कार्यकर्ती जेन जेकब्स हिने १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्ट व्हिलेज भागाचे पुनर्विकासाच्या यादीतील नाव रद्द करवणाऱ्या लढ्यात पुढाकार घेतला. १९६५ मध्ये पॉल डेव्हिडॉफ या नियोजनकाराने अशी भूमिका मांडली की, नियोजनकार तटस्थ असू शकत नाही. वकील जसा अशिलाची बाजू मांडतो, तशी त्याने दुर्बळ गटाची बाजू मांडावी आणि एकाच परिसरासाठी पर्यायी आराखडे पुढे यावेत.

१९६४ च्या दारिद्र्यविरोधी कायद्यात गरिबांच्या ‘शक्य तितक्या कमाल सहभागा’ची तरतूद आली. १९६६ च्या ‘मॉडेल सिटीज’ कार्यक्रमाने सुमारे १५० शहरांतील निवडक परिसरांना निधी दिला. महापौरांना आपल्या हातातून निधी निसटतो आहे असे वाटू लागताच १९६७ मध्ये दारिद्र्यविरोधी कार्यक्रमातील स्थानिक अधिकार पुन्हा निर्वाचित सत्तेकडे वळवण्यात आले. सहभागाला कायद्यात जागा मिळण्याचा आणि ती आकसण्याचा काळ इतका जवळजवळ आहे, याची नोंद घ्यायला हवी.

सहभागाची शिडी : या अनुभवातून शेरी अर्नस्टाइन हिचा १९६९ चा प्रसिद्ध लेख आला. केंद्रीय गृहनिर्माण खात्यात ‘मॉडेल सिटीज’साठी नागरी सहभागाची सल्लागार म्हणून तिने काम केले होते. तिने सहभागाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. तळाच्या दोन, म्हणजे दिशाभूल आणि ‘उपचार’, यांना ती सहभागच मानत नाही. दुसऱ्या पायरीवर वस्तीचे प्रश्न सोडवण्याऐवजी वस्तीतील माणसांनाच सुधारण्याचा प्रयत्न होतो. त्यापुढच्या तीन पायऱ्या माहिती, सल्लामसलत आणि तुष्टीकरण या आहेत. तिच्या मते हा देखाव्याचा टप्पा, कारण लोक बोलू शकतात पण ऐकून घेण्याचे बंधन कोणावर नसते. समितीवर एक-दोन रहिवासी घेतले आणि बहुमत प्रशासनाकडे ठेवले, तर ते तुष्टीकरण. वरच्या तीन पायऱ्या भागीदारी, सोपवलेला अधिकार आणि नागरिकांचे नियंत्रण या आहेत.

शिडीवर आक्षेप बरेच आहेत. सत्ताधारी आणि सत्ताहीन अशी सरळ विभागणी प्रत्यक्षात नसते, हे अर्नस्टाइननेही मान्य केले होते. सर्वांत वरची पायरी प्रत्येक कामात इष्ट असते काय, हा प्रश्नही विचारला जातो. गल्लीतील दिव्यांची जागा आणि शहराच्या मुख्य जलवाहिनीचा मार्ग या दोन निर्णयांत फरक आहे. हे मान्य करूनही शिडीचे मोल कमी होत नाही. एखाद्या बैठकीने खरोखर काही बदलणार होते की नाही, हे विचारायला तिने लोकांना शिकवले.

सर्वांत वरच्या पायरीच्या जवळ जाणारे उदाहरण बॉस्टनमध्ये आढळते. रोक्सबरीतील डडली स्ट्रीट भागात जाळपोळीमुळे आणि बेवारस कचऱ्यामुळे भूखंड ओस पडले होते. तेथील रहिवाशांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या संघटनेला १९८८ मध्ये पडीक खासगी जमिनीच्या सक्तीच्या संपादनाचा अधिकार मिळाला. असा अधिकार स्थानिक संघटनेला मिळणे अपूर्व होते. संघटनेच्या कार्यकारिणीत परिसरातील प्रमुख वांशिक गटांना समान जागा ठेवल्या होत्या. मिळालेली जमीन सामुदायिक न्यासाकडे, म्हणजे जमिनीची मालकी समुदायासाठी कायम राखणाऱ्या संस्थेकडे, ठेवल्यामुळे तीवरील घरे किमती वाढल्यावरही आवाक्यात राहू शकतात.

इतर देश : ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याने सहभाग वैधानिक झाला आणि स्केफिंग्टन समितीने १९६९ मध्ये त्याच्या पद्धतींवर अहवाल दिला. इंग्लंडमध्ये २०११ च्या स्थानिकता कायद्याने पुढचे पाऊल टाकले. पॅरिश परिषद (सर्वांत खालच्या पातळीवरची स्थानिक स्वराज्य संस्था) नसलेल्या भागात किमान २१ जणांचा मंच परिसर आराखडा करू शकतो. स्वतंत्र परीक्षकाच्या तपासणीनंतर त्यावर सार्वमत होते आणि साधे बहुमत मिळाल्यास तो अधिकृत विकास योजनेचा भाग बनतो. वेळ व तज्ज्ञता हाताशी असलेल्या सुस्थित भागांनी या सोयीचा फायदा अधिक घेतला, ही त्यावरील मुख्य टीका होय.

जपानमध्ये कोबे शहरातील मानो हा लहान कारखाने व लाकडी घरे यांचा परिसर महत्त्वाचा मानला जातो. १९६० च्या दशकातील प्रदूषणविरोधी आंदोलनातून तेथे संघटन उभे राहिले. १९८० मध्ये नगररचना कायद्यात एकेका लहान परिसरापुरत्या योजनेची तरतूद झाली आणि १९८१ मध्ये कोबेने नियम करून रहिवाशांच्या परिषदांना मान्यता दिली. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर मानोतील लोकांनी रांगा करून बादल्यांनी पाणी पोचवले आणि जवळच्या कारखान्याच्या अग्निशमन पथकाच्या साथीने आग आटोक्यात आणली. वर्षानुवर्षे एकत्र बसून आराखडा केलेल्या लोकांना कोणाच्या घरात कोण राहते हे ठाऊक होते, आणि शोधकार्यात त्याचा उपयोग झाला.

कराचीच्या ओरंगी भागात अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात सांडपाण्याच्या कामाची विभागणी तांत्रिक पायावर केली गेली. घरातील शौचालय, गल्लीतील गटार आणि तिला जोडणारी दुय्यम वाहिनी हे ‘अंतर्गत’ काम रहिवाशांनी स्वतःच्या पैशाने करायचे, तर मुख्य वाहिनी व शुद्धीकरण हे ‘बाह्य’ काम शासनाचे. साधारण २० ते ३० घरांची गल्ली हे एकक होते. गल्लीने आपला व्यवस्थापक निवडायचा, त्याने वर्गणी जमवायची आणि प्रकल्पाने मोजणी, नकाशा व अवजारे पुरवायची. ठेकेदार वगळल्याने खर्च बराच घटला. सरकारने करायचे काम लोकांवर ढकलले जाते, असा आक्षेप यावर घेतला जातो. मुख्य वाहिनीची जबाबदारी शासनाकडेच ठेवल्यामुळे तो निदान अंशतः निकाली निघतो.

ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे येथे १९८९ पासून १६ विभागांच्या सभांतून गुंतवणुकीच्या खर्चाचे अग्रक्रम ठरू लागले. पुढे ही पद्धत अनेक देशांत पसरली, पण मूळ शहरात ती २०१७ मध्ये स्थगित झाली. भारतात १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या पालिकांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. त्यांची रचना व अधिकार राज्यांवर सोपवल्याने स्वरूप ठिकठिकाणी भिन्न आहे.

पद्धती व मर्यादा : शिवारफेरीप्रमाणे परिसरफेरी, हाताने काढलेले नकाशे, रहिवाशांनीच केलेली घरमोजणी ही नेहमीची साधने आहेत. मुंबईतील पदपथवासीयांच्या १९८५ मधील गणनेने घरमोजणीला नवे वजन दिले. ज्यांची कोठेच नोंद नव्हती, त्यांच्या हातात वाटाघाटीसाठी आकडे आले. टोनी गिब्सन याने इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत पुठ्ठ्याची मोठी प्रतिकृती टेबलावर मांडतात. लोक तीभोवती फिरून ‘येथे झाड’, ‘येथे वाहने सावकाश’ अशी चित्रपत्रे ठेवतात. पत्रावर नाव नसते, त्यामुळे सभेत न बोलणाऱ्यांचेही म्हणणे मांडले जाते. नंतर पत्रांची ‘आत्ता’, ‘लवकर’ व ‘पुढे’ अशी वर्गवारी केली जाते आणि मतभेद माणसांऐवजी पत्रांविषयी होतात.

सभांना येणारे लोक परिसराचा नमुना नसतात. भाडेकरू, रात्रपाळीचे कामगार, लहान मुलांच्या माता आणि स्थलांतरित यांचे प्रमाण तेथे कमी राहते, घरमालक व निवृत्तांचे जास्त. अशा सभा स्वस्त घरे किंवा निवारागृहे ‘आमच्या शेजारी नकोत’ म्हणून रोखण्याचे साधनही बनू शकतात. दुसरी अडचण यशातून येते. परिसर सुधारला की भाडी वाढतात आणि ज्यांनी श्रम केले त्यांनाच बाहेर पडावे लागते. यावर उपाय म्हणून भाडेनियंत्रण, सहकारी मालकी आणि डडली स्ट्रीटसारखे जमीनन्यास सुचवले गेले आहेत. यांपैकी जमीनन्यास घरांच्या किमतींवर सर्वांत दीर्घकाळ अंकुश ठेवतो. मात्र जमीन महाग होण्यापूर्वीच ती न्यासाच्या ताब्यात यावी लागते.