नव्या लॅपटॉपची डिस्क पुसायला रात्र का लागते?

शनिवारी संध्याकाळी टेबलावर अकरा लॅपटॉप मांडले होते. एका कचेरीने बाजूला काढलेले; साफ करून ते जिल्हा परिषदेच्या शाळेला द्यायचे होते. पाच जुने, 500 जीबीच्या फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचे. सहा नवे, 1 टीबीच्या एनव्हीएमई एसएसडीचे, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्कचे. पेन ड्राइव्हवरून ‘एनवाइप’ हे डिस्क पुसायचं साधन चालू केलं, सगळ्यांना जुन्या मजकुरावर शून्यं लिहायला लावली. जुन्यांचा वेग सेकंदाला 90 एमबी, बहुतेक नव्यांचा 1,500. आम्ही निर्धास्त होऊन चहाला गेलो. परत येऊन बघतो तर नव्यांचा आकडा 95 वर उतरलेला, आणि तो तिथेच अडकला. 1 टीबीला या वेगाने जवळजवळ तीन तास लागतात. पूर्ण डिस्कवर लिहिण्याच्या तीन फेऱ्या लावल्या तर नऊ तास, म्हणजे रात्र गेलीच. डिस्क खराब आहे असं समजून आमच्यातल्या एकाने एक लॅपटॉप बाजूलाही ठेवला.

डिस्क ठणठणीत होती. दिवाळीच्या आधी, भाजणीच्या दिवसांत पिठाच्या गिरणीत काय होतं ते आठवा. ओट्यावर जागा असेपर्यंत डबा ठेवायचा आणि निघायचं, काम दोन मिनिटांचं. ओटा भरला की मात्र आधीचं दळण झाल्याशिवाय तुमचा डबा आत जात नाही. एसएसडीतही असा ओटा असतो. स्वस्त आणि मोठ्या एसएसडीत एकेका सेलमध्ये, म्हणजे साठवणीच्या सर्वांत लहान खणात, 4 बिट साठवतात. त्यासाठी विद्युतभाराच्या 16 वेगवेगळ्या पातळ्या लागतात, आणि नेमकी पातळी गाठायला वेळ लागतो. म्हणून डिस्कमधला कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, काही सेल तात्पुरते एका बिटासाठी वापरतो. तिथे दोनच पातळ्या, त्यामुळे लिहिणं झटपट होतं. डिस्क निवांत असली की तो हा माल सावकाश 4 बिटांच्या सेलमध्ये हलवतो. रोजच्या कामात ओटा सहसा भरत नाही, त्यामुळे वापरणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. डिस्क पुसताना मात्र आपण न थांबता 1 टीबी ओततो.

वेग पडण्याचं दुसरं कारण उष्णता. पातळ लॅपटॉपमध्ये एसएसडीला वारा लागत नाही, आणि तापमान 70-80 अंशांच्या पुढे गेलं की कंट्रोलर स्वतःहून हात आखडता घेतो. दोन्हींतला फरक ओळखायला सोपा आहे. दर वेळी साधारण तेवढेच जीबी लिहून झाल्यावर वेग पडत असेल, तर ओटा भरलाय. लॅपटॉपखाली दोन पुस्तकं सारून पंखा लावल्यावर वेग परत चढत असेल, तर तो तापलाय. आणि पहिल्या सेकंदापासूनच काम रखडत असेल, तर दोष बहुधा डिस्कबाहेर असतो. लिनक्सवरची ‘डीडी’ ही आज्ञा वेगळं काही सांगितलं नाही तर एका वेळी फक्त 512 बाइट लिहिते. घमेल्याऐवजी चमच्याने वाळू उपसावी, तसं. तिला 1 एमबीचा घास दिला की फरक लगेच दिसतो. डिस्क बाहेरच्या केसमध्ये घालून जुन्या यूएसबी 2 पोर्टला जोडली असेल, तर 35-40 एमबीच्या वर काही केल्या जाणार नाही.

पण मला खरी काळजी वेगाची नाही. रात्रभर थांबूनही एसएसडी पूर्ण पुसली जात नाही, ही आहे.

हार्ड डिस्कवर एका जागी लिहिलेलं पुसायचं तर त्याच जागी दुसरं लिहायचं, पाटीसारखं. एसएसडीतल्या फ्लॅश चिपमध्ये लिहिलेल्या पानावर परत लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक, म्हणजे शेकडो पानं, एकदम कोरा करावा लागतो. त्यामुळे तुम्ही ‘इथे शून्य लिही’ म्हणता तेव्हा कंट्रोलर ते भलत्याच कोऱ्या पानावर लिहितो आणि जुनं पान ‘बाद’ अशी नोंद करून ठेवतो. शिवाय काही जागा तो स्वतःसाठी राखतो, बऱ्याच डिस्कमध्ये सुमारे 7 टक्के. तिथवर तुमचा प्रोग्रॅम पोचूच शकत नाही. 2011 मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी चिप थेट वाचून हे तपासलं. पूर्ण डिस्कवर दोनदा लिहिणं बहुतेक वेळा पुरलं, पण नेहमी नाही. एखादीच फाइल पुसण्याच्या युक्त्या तर निकामी ठरल्या.

फेऱ्यांवर फेऱ्या मारायची आपली सवय येते ती पीटर गटमन यांच्या 1996 च्या शोधनिबंधातून. त्यातल्या 35 फेऱ्या त्या काळच्या निरनिराळ्या हार्ड डिस्क तंत्रांची एकत्र यादी होती. एकाच डिस्कवर सगळ्या 35 मारण्यात अर्थ नाही, हे गटमन यांनीच पुढे लिहिलं. तरीही प्रोग्रॅमच्या मेनूत तो पर्याय अजून दिसतो, आणि सर्वांत मोठा आकडा म्हणजे सर्वांत सुरक्षित असं समजून लोक तोच निवडतात. एसएसडीचं आयुष्य यात विनाकारण झिजतं, याचं मला फार वाईट वाटतं.

योग्य वाट म्हणजे हे काम कंट्रोलरलाच सांगायचं. बहुतेक एनव्हीएमई डिस्कना ‘सॅनिटाइझ’ आणि ‘फॉरमॅट’ या आज्ञा कळतात, साटा या जुन्या जोडणीच्या एसएसडीला ‘सिक्युअर इरेज’. मग कंट्रोलर एकेक पान लिहीत बसत नाही, ब्लॉकच्या ब्लॉक कोरे करतो, आणि ‘सॅनिटाइझ’मध्ये राखीव जागाही येते. ज्या डिस्क सगळा मजकूर आतल्या आत कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय न कळणारा, करूनच ठेवतात, त्यांत नुसती किल्ली नष्ट केली तरी भागतं. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. कचेरीत वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्येच, म्हणजे यंत्र चालू होताना आधी उठणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, ही सोय असते. आधी तिथे बघा.

वाटेत अडथळे येतात. साटा डिस्कला बायोस सुरुवातीलाच ‘फ्रोझन’ करून ठेवतो, म्हणजे ती पुसायची आज्ञा घेत नाही. लॅपटॉप झोपवून उठवला की बहुधा ते सुटतं. आमचं अडलं निराळ्याच ठिकाणी. एका लॅपटॉपवर वेग पहिल्यापासूनच 8 एमबी होता. यादीत एकच डिस्क दिसत होती, आणि तिच्यापुढचा आकडा नीट वाचला तर 1 टीबी नव्हे, 32 जीबी! आम्ही आमचाच पेन ड्राइव्ह पुसत होतो. इंटेलच्या 11व्या पिढीपासून अनेक लॅपटॉपमध्ये एसएसडी ‘व्हीएमडी’ नावाच्या पडद्याआड असते, आणि पेन ड्राइव्हवरच्या आमच्या जुन्या आवृत्तीत त्याचा ड्रायव्हर नव्हता. बायोसमध्ये व्हीएमडी बंद केल्यावर एसएसडी यादीत आली. अनेकांच्या हाताशी असलेलं ‘डीबॅन’ हे तसलंच पुसायचं साधन 2015 चं आहे. त्याला एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही.

हे सगळं जपून का करायचं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेने जुनी यंत्रं मोडीत काढायचं काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. त्यातली काही न पुसताच इंटरनेटवर लिलावात विकली गेली. सुमारे 1.5 कोटी ग्राहकांच्या माहितीबाबत हलगर्जी केल्याबद्दल 2022 मध्ये तिथल्या शेअर बाजार नियामकाने 3.5 कोटी डॉलरचा दंड केला.

म्हणून ‘काम झालं’ या संदेशावरही लगेच विसंबू नका. त्याच 2011 च्या तपासणीत एका डिस्कने पुसल्याचं कळवलं होतं आणि आतला मजकूर जसाच्या तसा होता. आम्ही सहाही एसएसडी ‘सॅनिटाइझ’ केल्या आणि सुरुवातीचा, मधला, शेवटचा असा भाग काढून वाचला. पाचांत नुसती शून्यं दिसली. सहावीत अर्थहीन अक्षरांचा कचरा दिसला, कारण तिची किल्ली बदलली होती आणि जुना मजकूर आता तिलाही वाचता येत नव्हता. बाजूला ठेवलेला तो ‘खराब’ लॅपटॉप शून्यं दिसलेल्या पाचांतलाच एक होता. साडेनऊला सहाही नवे पिशवीत गेले. जुने पाच अजून फिरत होते, आणि त्यांच्यासाठी थांबणं भागच होतं.