‘इंडेक्स्ड’ म्हणजे नेमकं कुठं?

परळच्या वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीच्या मुलाखती जवळ आल्या की ग्रंथालयात वर्दळ वाढते. हातात फाइल, तिच्यात नियतकालिकाच्या मुखपृष्ठाची झेरॉक्स, अनुक्रमणिकेत स्वतःच्या नावावर पिवळा हायलायटर, आणि ग्रंथपालांना एकच प्रश्न: ‘‘मॅडम, हा पेपर चालेल ना?’’ त्या पेपरात काय आहे, पुढे तो कुणाच्या उपयोगी पडला का, हे त्या टेबलाशी कुणी विचारत नाही.

वैद्यकीय लेखांची सूची, म्हणजे इंडेक्स मेडिकस, 1879 साली अमेरिकेत सुरू झाली. कुणी कुणाचा संदर्भ दिला याची सूची 1964 साली आली. तिची मूळ कल्पना वकिलांकडची. जुना निकाल पुढच्या कुठल्या निकालांत आला, हे शोधायला त्यांच्याकडे तशी पुस्तकं आधीपासून होती. म्हणजे सायटेशन, दुसऱ्या लेखानं दिलेला संदर्भ, हे मुळात शोधायचं साधन, गुणपत्रिका ते नंतर झालं. 2005 साली एका भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स मांडला आणि माणसाची कारकीर्द एका आकड्यात बसू लागली. पाच पेपरांना 40, 12, 6, 4 आणि 1 सायटेशन असतील, तर एच-इंडेक्स 4, कारण किमान चार सायटेशन मिळालेले पेपर चार आहेत, पण किमान पाच मिळालेले पाच नाहीत. चाळीसवाल्या पेपराला उद्या चारशे मिळाली तरी तो 4च.

आपल्याकडे मात्र बढतीचं घोडं सायटेशनवर अडलं नाही, ते अडलं ‘इंडेक्स्ड’, म्हणजे मान्य सूचीत नोंदलेलं, या शब्दावर. सप्टेंबर 2015मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या तेव्हाच्या नियामक संस्थेनं परिपत्रक काढलं. फक्त मूळ संशोधनाचे लेख धरायचे, ई-जर्नल चालणार नाहीत, श्रेय पहिल्या दोनच लेखकांना, आणि नियतकालिक ठरावीक सूच्यांपैकी एकीत हवं. त्या सूच्यांत इंडेक्स मेडिकस होती, जिची छपाई 2004 अखेरीस बंद पडली होती. पबमेड आणि मेडलाइन अशी दोन नावंही वेगवेगळी होती.

खरा गुंता इथंच आहे. मेडलाइन ही निवडक सूची. नियतकालिक तपासून आत घेतात, मग प्रत्येक लेखाला ठरलेले विषयशब्द लावतात. पबमेड ही शोधायची खिडकी. तिच्यातून मेडलाइन दिसते, तसंच पबमेड सेंट्रल या मोफत संग्रहातले लेखही दिसतात. त्यामुळे मेडलाइनमध्ये नसलेल्या नियतकालिकातल्या लेखालाही पबमेडचा क्रमांक असू शकतो. ‘‘सर, पबमेडवर दिसतोय की!’’ हे खरं असतं, आणि तरीही नियतकालिक मेडलाइनमध्ये आहे असं त्यातून ठरत नाही. यादीत इंडेक्स कोपर्निकसही होती. तिथं शिरणं तुलनेनं सोपं, त्यामुळे पैसे घेऊन आठवड्याभरात लेख छापणाऱ्यांची चांदी झाली. ‘डियर डॉक्टर’ने सुरू होणाऱ्या ईमेल मुंबईतल्या कुठल्या शिक्षकाला आल्या नाहीत? 2016मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र लेख लिहून फेरविचाराची मागणी केली. ई-जर्नलबंदी आणि लेखकक्रम या दोन्हींवर त्यांचा आक्षेप होता, आणि माझ्या मते तो रास्तच होता.

लेखकक्रमाचं घरचंच उदाहरण घ्या. जगात ‘बॉम्बे’ नावानं ओळखला जाणारा रक्तगट 1952 साली लंडनच्या एका साप्ताहिकात दोनेक पानांच्या टिपणातून जाहीर झाला. लेखक सात, त्यांतले पहिले तिघे मुंबईचे. 2015चा नियम लावला तर तिसऱ्याच्या पदरात शून्य. रक्तपेढीतला तंत्रज्ञ आजही त्या गटाचं नाव घेतो, ते लेखकांचा क्रम विचारून नव्हे.

फेब्रुवारी 2020मध्ये नियम सैलावला. पहिले तीन लेखक किंवा करस्पाँडिंग ऑथर (लेखाचा पत्रव्यवहार पाहणारा) चालू लागले, केस सिरीज (एकसारख्या रुग्णांच्या नोंदी) आणि सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा पद्धतशीर आढावा) हेही धरले जाऊ लागले. इंडेक्स कोपर्निकस गेली, खुल्या नियतकालिकांची डिरेक्टरी आली. मात्र वॉर्ड, ओपीडी आणि परीक्षा सांभाळून संशोधन कधी करायचं, याबद्दल त्यात ओळ नव्हती. महापालिकेच्या रुग्णालयात सकाळची ओपीडी दुपारपर्यंत लांबते, हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल असं नाही.

सायटेशन आपल्याकडे शिरलं ते दुसऱ्या दारानं. केंद्र सरकारची संस्थांची क्रमवारी 2016पासून निघू लागली, 2018पासून तिच्यात वैद्यकीय महाविद्यालयांचा वेगळा गट आला, आणि तिथं लेखांबरोबर सायटेशनही मोजली जातात. मग शिक्षकांकडेही आकडे मागितले जाऊ लागले. एकाच माणसाचे आकडे मात्र जागेगणिक बदलतात. स्कोपस ही सूची आपल्या यादीतल्या प्रकाशनांपुरतं पाहते, तर गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तपासणीआधीच ऑनलाइन ठेवलेले लेख), पुस्तकं सगळंच ओढून घेतं, त्यामुळे तिथला आकडा बहुधा मोठा निघतो. फाइलला कुठला प्रिंटआउट जोडायचा, हे मात्र अजून कुणी ग्रंथपालांना विचारलेलं नाही.