एका रुपयाचे ३२६ रुपये

कोल्हापुरातल्या चप्पल लाईन या बाजारातल्या, जीएसटी भरणाऱ्या दुकानात कोल्हापुरी पायताणाचे दोन जोड आहेत असं समजा. करापूर्वी एकाची किंमत २,५०० रुपये, दुसऱ्याची २,५०१. पहिल्यावर ५ टक्के कर, बिल २,६२५. दुसऱ्यावर १८ टक्के, बिल २,९५१. किंमत एका रुपयाने वाढली, बिल ३२६ रुपयांनी! २२ सप्टेंबर २०२५ पासून असा नियम आहे. त्याआधी ही पायरी हजार रुपयांवर होती, म्हणजे सुधारणा झाली हे खरंच. पण पायरी हलली, मोडली नाही.

गरिबाच्या पायातल्या जोडावर कमी कर, हा हेतू रास्त आहे. मात्र या पायरीवर अडखळतो तो कारागीर. २,४०० रुपयांच्या जोडावर त्याने बारीक वेणी आणि गोंडे चढवले, ३०० रुपयांचं हातकाम वाढलं, किंमत २,७०० झाली. गिऱ्हाइकाचं बिल मात्र २,५२० वरून ३,१८६ वर जातं. तीनशेच्या कामासाठी ६६६ रुपये कोण मोजणार? दुकानदार सांगतो, वेणी राहू दे.

मग काय होतं बघा. कारागिराची मजुरी गेली, गिऱ्हाइकाचा मनाजोगता जोड गेला आणि सरकारला वाढीव करही मिळाला नाही. कुणाच्याच खिशात न जाणारं हे नुकसान. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुईने १८४४ मध्येच दाखवलं होतं की असं नुकसान कराच्या दराच्या वर्गाने वाढतं. दर दुप्पट, तर नुकसान साधारण चौपट. १८ टक्के हा ५ टक्क्यांच्या ३.६ पट, म्हणजे नुकसान जवळपास तेरा पट. थोड्या वस्तूंवर जबर कर लावण्यापेक्षा पुष्कळ वस्तूंवर हलका कर बरा, असं अर्थतज्ज्ञ म्हणतात ते यामुळे.

प्राप्तिकराच्या टप्प्यांत वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो. पायताणालाही तसंच करावं असं मला मनापासून वाटतं: २,५०० पर्यंत ५ टक्के, पुढच्या रकमेवरच १८. बिल थोडं किचकट होईल, महागड्या जोडांवरचा काही महसूलही घटेल. पण २,७०० च्या जोडाचं बिल २,८६१ होईल आणि त्या वेणीसाठी गिऱ्हाइकाला ६६६ ऐवजी ३४१ रुपये जादा पडतील.