कॅमेरा लवकर बुडाला, वायर उशिरा पोचली

रात्री जेवणं उरकली की आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या घरात मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून उभा राहतो. आपली रात्र म्हणजे कॅलिफोर्नियातली सकाळ; तिथल्या मॉन्टेरी बे मत्स्यालयातले जेलीफिश पाण्यातल्या कॅमेऱ्यातून थेट पडद्यावर उघडमीट करत तरंगत असतात. आज्जीचा प्रश्न ठरलेला, "ह्ये खात्यात व्हय रं?"

रत्नागिरीचा समुद्र इथून आंबा घाट उतरून सुमारे 130 किलोमीटर. तळ मात्र तिथं जाऊनही दिसत नाही.

पाण्यात कॅमेरा फार पूर्वी गेला. 1856 मध्ये इंग्लंडच्या वेमथजवळ विल्यम थॉम्पसननं पेटीत घातलेला कॅमेरा समुद्रात सोडला. पेटीत पाणी शिरलं, तरी अंधुक का होईना, चित्र हाती लागलं. 1893 मध्ये फ्रान्समध्ये लुई बूतां स्वतःच कॅमेरा घेऊन पाण्यात उतरला. पेटीची रचना त्याच्या भावाची. घरातच यंत्र घडवायचं हे वेड कोल्हापूरकरांना कळेल. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी इथंच कॅमेरा बनवला होता.

पण ही सगळी वर येऊन धुतलेली चित्रं. खाली घडतंय ते त्याच क्षणी वर कळायचं, तर वायर हवी. खारं पाणी रेडिओलहरी गिळून टाकतं, त्यामुळं वायफाय-बियफाय तिथं काही कामाचं नाही. म्हणून थेट दृश्याआधी आला आवाज. 1932 मध्ये विल्यम बीब बर्म्युडाजवळ पोलादी गोळ्यात बसून खाली गेला, खिडकीतून दिसेल ते टेलिफोनच्या तारेवरून सांगत राहिला आणि ते रेडिओवर लागलं. आकाशवाणीवर क्रिकेटचं समालोचन ऐकलेल्यांना ही मजा वेगळी सांगायला नको.

चित्र वायरीतून आलं ते दुःखाच्या कामी. 1951 मध्ये ब्रिटनची 'ॲफ्रे' पाणबुडी 75 माणसांसह बुडाली. पाण्याखालच्या टीव्ही कॅमेऱ्यातून तिच्यावरचं नाव वाचलं, तेव्हा तळाशी सापडलेली पाणबुडी तीच, अशी खात्री पटली.

इंटरनेटवरच्या पहिल्या काही कॅमेऱ्यांपैकी एक 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसातल्या माशांच्या टाकीवर होता. खोल समुद्राला मात्र जाड केबलची वाट बघावी लागली. कॅनडानं 2009 मध्ये व्हँकुव्हर बेटापासून सुमारे 800 किलोमीटरचं वेटोळं तळाशी टाकलं. वीज खाली, चित्र वर. 2013 मध्ये युक्रेनमधला 14 वर्षांचा पोरगा घरी बसून तिथलं चित्रण बघत होता. सुमारे 900 मीटर खोलीवर सापासारखा हॅगफिश कॅमेऱ्यासमोर आला, आणि बाजूनं एक मुस्काट घुसून त्याला गट्ट करून गेलं. पोरानं शास्त्रज्ञांना कळवलं. ती निघाली एलिफंट सीलची मादी. या सगळ्या इतिहासात मला हा पोरगाच भारी वाटतो.

आमच्या घरात मात्र नेदरलँड्समधल्या उट्रेख्टची चलती आहे. तिथं 2021 पासून वसंतात कालव्याच्या बंद दरवाजाशी कॅमेरा असतो. मासा दिसला की बघणाऱ्यानं पडद्यावरची घंटी दाबायची. फोटो दरवाजा सांभाळणाऱ्याकडं जातो आणि मासे पुरेसे जमले की तो दार उघडतो. पाणी पंचगंगेच्या आषाढातल्या पाण्यासारखं गढूळ, बहुतेक वेळ काहीच दिसत नाही.

हे मासे अंडी घालायला वरच्या अंगाला निघालेले, असं सांगितल्यावर आज्जी पहिल्यांदा डब्याजवळ सरकून बसली. "मग चढणीचं मासं म्हन की! दाब घंटी."