लोकसंगीत-वाद्यवृंद अल्बम (मराठवाडा)

संगीतकाराने लोककलावंतांना बरोबर घेऊन, त्यांच्या गळ्याभोवती व्हायोलिन, चेलो, बासरी, ब्रास (पितळी फुंकवाद्ये) अशा मोठ्या वाद्यमेळाची मांडणी करून, पॉप गाण्याच्या लांबीत आणि घाटात बांधलेला स्वतंत्र गाण्यांचा संग्रह. चित्रपटाची कथा किंवा प्रसंग त्याच्या पाठीशी नसतो. त्यामुळे नव्या संगीतकाराचे पदार्पण अशा अल्बमने झाले, तर त्याचे कान कुठे घडले आहेत हे पहिल्याच गाण्यात कळते. मराठवाड्याच्या संदर्भात हा प्रकार मुख्यतः गोंधळ, आराधी (देवीच्या भक्तांची) गाणी, भारूड, जात्यावरच्या ओव्या, भीमगीते आणि बंजारा समाजाची लेंगी यांवर उभा राहतो.

आधी एका शब्दाचा खुलासा करायला हवा. परभणी, बीड किंवा लातूरकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले, की लोकांच्या डोळ्यांसमोर जत्रेत, गणपतीत किंवा जयंतीला रात्री रंगणारा फिल्मी गाण्यांचा कार्यक्रम येतो. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन गायक आणि निवेदक एवढा त्याचा संसार असतो. येथे अभिप्रेत आहे तो लिहिलेल्या स्वरलिपीवरून एकत्र वाजवणारा वाद्यवृंद.

हा वाद्यवृंद या मातीला अगदीच परका म्हणता येणार नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रकीर्णक अध्यायात ‘वृंद’ कसा असावा हे आकड्यांसह सांगितले आहे : उत्तम वृंदात ४ मुख्य गायक, ८ साथ देणारे गायक, १२ गायिका, ४ बासरीवाले आणि ४ मृदंगवाले. म्हणजे ३२ जणांचा मेळ, आणि त्यात मुख्य कोण, मागून कोणी गायचे, याची वाटणीही ठरलेली. शास्त्राच्या ‘मार्ग’ संगीताइतकीच लोकांच्या ‘देशी’ संगीताची दखल याच ग्रंथाने घेतली. देवगिरी म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळचे दौलताबाद. लोकांचे गाणे आणि शिस्तीचा मेळ या दोन्हींचा विचार एकाच माणसाने इथे बसून केला होता, ही गोष्ट या विषयावर काम करणाऱ्याने विसरू नये.

लोकसंगीताच्या बाजूने सर्वांत भरीव सामग्री गोंधळात आहे. गोंधळ्यांच्या दोन शाखा : माहूरच्या रेणुकेचे रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे कदमराई. दोन्ही देवस्थाने मराठवाड्यात, एक नांदेड जिल्ह्यात तर दुसरे धाराशिव जिल्ह्यात. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, गण झाला की एकेका दैवताला ‘गोंधळाला ये’ म्हणून बोलवायचे आणि मग आख्यान, असा त्याचा क्रम. नायक गातो, बोलतो, अभिनय करतो. साथीदार त्याची ‘झील’ धरतात, म्हणजे पालुपद किंवा ओळीचे शेवटचे अक्षर उचलून लांबवतात. परभणीच्या राजारामबापू कदमांनी हा गोंधळ गावाच्या मांडवातून मोठ्या रंगमंचावर नेला. रात्रभराचा विधी रंगमंचाच्या वेळेत बसवताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हा अल्बम करणाऱ्यापुढचा प्रश्न त्यांच्यासारख्या कलावंतांनी आधीच सोडवून पाहिला होता.

झील हीच वाद्यवृंदाला आत शिरण्याची खरी वाट आहे. अनेक अल्बममध्ये व्हायोलिनचा ताफा गायकाच्या मागे मखमली पडद्यासारखा पसरून दिला जातो आणि संबळ त्यात बुडून जातो. त्याऐवजी तंतुवाद्यांना झीलकऱ्यांचे काम दिले, नायकाची ओळ संपते तिथे उचलायला लावले, तर तीस वादक असूनही गोंधळ गोंधळच राहतो. ऐकणाऱ्याला ही योजना समजावून सांगावी लागत नाही. ओळ पडली की कोणीतरी ती झेलणार, याची त्याला लहानपणापासून सवय असते.

अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्या वाद्यांपासूनच सुरू होतात. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली चामड्याची वाद्यजोडी, एक खालच्या आवाजाचे तर दुसरे चढ्या आवाजाचे. ते दोन काड्यांनी वाजते आणि त्यांतल्या एका काडीचे टोक वाकवलेले असते. त्याचा आवाज उघड्या मैदानासाठी आहे. बंद खोलीत तो व्हायोलिनच्या माइकमध्येही शिरतो. म्हणून संबळ-हलगीचे ध्वनिमुद्रण वेगळे किंवा वेगळ्या खोलीत करावे लागते. हलगी तर वाजवण्याआधी शेकावी लागते. स्टुडिओच्या थंड हवेत ती उतरते आणि मधेच पुन्हा तापवावी लागते. तुणतुण्याला एकच तार. ती त्या दिवशीच्या गळ्याला लावायची असते, हार्मोनियमच्या पट्टीला नव्हे. गोंधळी साधारण हार्मोनियमच्या काळी चार-पाचच्या आसपास चढा गातो, पण त्याचा षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, दोन पट्ट्यांच्या मधेही असू शकतो. तिकडे व्हायोलिन मात्र ४४० हर्ट्झच्या ‘ए’ या ठरलेल्या सुराला लावून बसलेली असतात. अशा वेळी सोपा मार्ग म्हणजे संगणकावर गायकाचा सूर ओढून पट्टीत बसवणे. तसे केले की आवाजातली धार जाते. आधी गायकाचे गाणे मुद्रित करून, त्याचा सूर मोजून, मग वृंदाची स्वरलिपी लिहिणे आणि वादकांना त्या सुराला वाद्ये लावायला सांगणे हा मार्ग वेळखाऊ आहे, पण गाणे वाचवतो.

लयीचेही तसेच. गोंधळाची लय चढत जाते. आख्यान रंगात आले की संबळ्या नायकाच्या पायांकडे बघून वेग वाढवतो. ठरावीक वेगाची टिकटिक कानात घालून त्याला वाजवायला लावले, तर हात बरोबर पडतात आणि अंगात काही येत नाही. काही संयोजक म्हणूनच उलट करतात : संबळ आणि गायक मोकळे मुद्रित करायचे आणि त्यांच्या बदलत्या वेगावरून वृंदासाठी टिकटिकीचा नकाशा बनवायचा. हल्ली तंतुवाद्यांचे मुद्रण मुंबई-चेन्नईतच नव्हे, तर इथे बसून इंटरनेटवरून बुडापेस्ट किंवा स्कोप्येसारख्या युरोपातल्या शहरांतही करून घेता येते. पण तिथल्या वादकाने तुळजापूर पाहिलेले नसते. त्याला मिळतो तो कागद आणि कानातला आवाज. कागदावर लय नुसती ‘६/८’ (सहा मात्रांचे पाश्चात्त्य तालचिन्ह) लिहून भागत नाही. संबळाचा झोल कुठल्या मात्रेवर रेंगाळतो हे ऐकवावेच लागते.

ओव्यांची गोष्ट निराळी आहे. जात्यावरच्या ओवीला तालाचे बंधन नाही. दळणाची घरघर हाच तिचा आधारस्वर. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या पुढाकाराने जमलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी डॉ. आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. अशा गाण्याखाली भरगच्च कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे अनेक सूर) घालणे हा अन्याय आहे. चाल चार-पाच सुरांची असते, गंधार (‘ग’) कधी कोमलकडे झुकतो तर कधी शुद्धकडे. पाश्चात्त्य स्वरसंवादात ‘हा सूर मेजर की मायनर’ हा निर्णय सक्तीचा होतो, ओवीत तो घ्यायचाच नसतो. चेलोचा एकच धरलेला सूर इथे पुरतो.

मराठी संगीतात मोठ्या वाद्यमेळाचा कान तयार करण्याचे श्रेय बऱ्याच अंशी अजय-अतुल या जोडीकडे जाते. त्यांचे पदार्पणच ‘विश्वविनायक’ (२००१) या अल्बमने झाले. गणेशस्तुतीच्या त्या अल्बममध्ये शंकर महादेवन आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम गायले. पुढे ‘सैराट’साठी (२०१६) त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद मुद्रित केला. त्या चित्रपटाचे चित्रीकरण झालेला सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका धाराशिवच्या परांड्याला लागून आहे, त्यामुळे हलगी आणि व्हायोलिन एकत्र ऐकण्याची सवय मराठवाड्यात घरोघर पोचली. तरी चित्रपटात गाण्याचा मालक प्रसंग असतो. गोंधळी, आराधी किंवा किंगरी या तंतुवाद्यावर जातिपुराण सांगणारा डक्कलवार स्वतः गाण्याचा धनी असेल, अशी जागा अल्बमच देऊ शकतो.

ही धनीपणाची गोष्ट कागदावरही यावी लागते. पारंपरिक गाण्याला कवी नाही म्हणून त्यावर कोणाचा लेखनहक्क नसतो, आणि वेष्टनावर ‘पारंपरिक’ एवढे लिहून संगीतकाराचे नाव मोठ्या टायपात येते. परंतु भारताच्या प्रताधिकार कायद्यात (१९५७) गायक-वादकाला सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क आहे आणि त्याची मुदत ५० वर्षे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातून रॉयल्टी मिळण्याचा हक्कही दिला. जत्रेतल्या कॅसेटच्या काळात एका दिवसाच्या बिदागीवर आवाज देऊन परत गेलेले गायक मराठवाड्यात पुष्कळ आहेत. पदार्पणाचा अल्बम ‘सहयोगी’ म्हणवून घेत असेल, तर नायकाचे, झीलकऱ्यांचे आणि संबळ्याचे नाव, गाव आणि वाटा करारात लिहिलेला असला पाहिजे. तो नसेल तर त्याला सहयोग म्हणू नये.

मैफलीत अशी गाणी पूर्ण वाद्यवृंदासह क्वचितच होतात, कारण तीस वादकांना अंबाजोगाई किंवा वसमतला नेण्याचा खर्च परवडत नाही. तिथे व्हायोलिनचा भाग कीबोर्डवर वाजतो. ज्या गाण्यांत वृंदाने झील धरलेली असते, त्यांत मात्र कीबोर्डही लागत नाही. समोर बसलेली माणसेच ती उचलतात.