तळ्याच्या वाळूतल्या दोन वाट्या

जुलैमधल्या एका रविवारी अमेरिकेत, लेक मिशिगनकाठच्या ग्रँड हेवनच्या किनाऱ्यावर वहिनींचं मंगळसूत्र पाण्यात गेलं. कमरेएवढ्या पाण्यात धाकट्याने गळ्याला मिठी मारली, तार तुटली, आणि काय झालं हे कळेपर्यंत हातात फक्त चार काळे मणी उरले. आम्ही सगळे धावलो. पायांनी वाळू चाचपली, डोळे उघडे ठेवून बुड्या मारल्या, मुलांना रांगेत उभं करून चालायला लावलं. काही मिळालं नाही. आम्ही जे करत होतो ते नेमकं उलट होतं, हे नंतर कळलं.

लेक मिशिगनला तळं म्हणायचं ते केवळ पाणी गोडं म्हणून. त्याचं क्षेत्रफळ आपल्या अख्ख्या कोकण विभागाच्या जवळपास दुप्पट आहे. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा चांगल्या डोक्यावरून जातात, वाळू बारीक आणि स्वच्छ. उन्हाळ्यात या काठावर माणसांची जत्रा भरते आणि दर हंगामात अंगठ्या, साखळ्या, कानातली, सुट्टी नाणी त्या वाळूत जिरत राहतात. अंगठी निसटायला तर इथलं पाणीच मदत करतं. मिशिगन राज्याच्या बाजूला, म्हणजे तळ्याच्या पूर्व काठावर, पूर्वेचा वारा सुटला की वरचं ऊबदार पाणी आत ढकललं जातं आणि तळाचं थंडगार पाणी काठाशी वर येतं. काल ज्यात मुलं तासभर डुंबली, त्यात आज पाय ठेवला की कळ येते. थंडीने बोटांतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, बोट बारीक होतं, त्यावर सनस्क्रीनचा तेलकट थर. चेंडू फेकायला हात झटकला की अंगठी गेली.

गेलेली वस्तू वाळूवर पडून राहत नाही. वाळूचे कण म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, पाण्याच्या २.६५ पट जड. २२ कॅरट सोनं पाण्याच्या सतरा पटींहून जड. लाट आली किंवा पाय पडला की पाण्याखालची वाळू क्षणभर सैल होते, जवळजवळ पातळ होते, आणि जड वस्तू त्या फटीतून एक पायरी खाली उतरते. पुढच्या लाटेला आणखी एक. घट्ट चिकणमातीचा किंवा खड्यांचा थर लागला की ती तिथे थांबते. आम्ही आठ जणांनी त्या जागी जी तुडवातुडव केली, तिने मंगळसूत्र शोधायचं सोडून त्याला खाली उतरायला वाट करून दिली. आपल्याकडचे झारेकरी सोनाराच्या दुकानातला केर आणि राख पाण्यात घुसळून सोन्याचे कण वेगळे करतात ते याच तत्त्वावर. हलकं ते वाहून जातं, जड ते तळाशी बसतं. झारेकऱ्याच्या हातात घमेलं असतं, इथे अख्खं तळंच घमेल्याचं काम करत होतं.

किनाऱ्यावर नेहमी दिसणारे एक निवृत्त गृहस्थ होते. कानाला हेडफोन, एका हातात मेटल डिटेक्टर, दुसऱ्या हातात लांब दांड्याचं, भोकं पाडलेलं पोलादी फावडं. त्यांना बोलावलं. ते लगेच पाण्यात उतरले नाहीत. आधी विचारलं, तसाच दुसरा दागिना कोणाकडे आहे का?

मावशींच्या गळ्यात होतं. काढून द्यायला त्या तयार होईनात आणि कोणी आग्रहही केला नाही. मग त्या वाळूवर वाकल्या आणि लांब मंगळसूत्र यंत्राच्या तळाच्या थाळीसमोर लोंबतं धरलं. साखळी आणि मणी समोरून गेले, यंत्र गप्प. साखळी सोन्याची, चांगली तीन तोळ्यांची, तरी जेमतेम एक कुजबुज. वाट्या समोर आल्या आणि खणखणीत सूर वाजला. त्या गृहस्थांनी पुन्हा साखळी फिरवून पाहिली, पुन्हा वाट्या. पडद्यावरचा आकडा लक्षात ठेवला आणि म्हणाले, आता कळलं काय ऐकायचं ते.

मला हा क्षण फार मोलाचा वाटतो, कारण या यंत्राबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज त्यात मोडून पडला. मेटल डिटेक्टरला सोनं ओळखता येत नाही. चांदीही नाही. त्याला कळते ती एकच गोष्ट: समोरच्या वस्तूत वीज गोल फिरू शकते का, आणि फिरायला लागली तर किती वेळ टिकते.

१८३१ मध्ये मायकल फॅरडेने दाखवून दिलं की बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या तारेत वीज उत्पन्न करतं. डिटेक्टरच्या तळाशी जी थाळी असते तिच्या आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा पालटणारा प्रवाह सोडतात, बहुतेक यंत्रांत पाच ते वीस हजार वेळा. त्यामुळे खालच्या वाळूत तितक्याच वेगाने डोलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वाटेत धातू आला की त्याच्या अंगात वीज गोल फिरू लागते, नदीतल्या भोवऱ्यासारखी. हा भोवरा स्वतःचं एक दुबळं चुंबकीय क्षेत्र उलटं पाठवतो आणि थाळीतलं दुसरं वेटोळं ते टिपतं. यंत्र ऐकतं ते या प्रतिध्वनीला. त्यात दोन गोष्टी मोजल्या जातात, तो किती जोरात आला आणि किती उशिरा आला.

उशीर महत्त्वाचा. वीज अडखळत वाहत असेल तर भोवरा लगेच विरतो, सुरळीत वाहत असेल तर रेंगाळतो. साध्या सोन्याच्या अंगठीतला भोवरा सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या एक-दोन पटीत संपतो. तशाच आकाराच्या चांदीच्या अंगठीत तो त्याच्या काही पट टिकतो. शुद्ध सोनं खरं तर उत्तम वाहक आहे, तांब्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास. पण दागिन्यात शुद्ध सोनं नसतं. तांबं-चांदीचे परके अणू मिसळले की इलेक्ट्रॉन जागोजागी ठेचकाळतात. अमेरिकेत लग्नाच्या अंगठ्या बहुधा १४ कॅरटच्या, म्हणजे शंभरात जेमतेम ५८ भाग सोनं, त्यामुळे तिची वाहकता शुद्ध सोन्याच्या कितीतरी खाली घसरते. आपलं २२ कॅरट त्या मानाने बरं. वाहकतेची ही घसरण सोन्याला नेमकी कुठे नेऊन बसवते? सोड्याच्या कॅनच्या झाकणाला जी अल्युमिनियमची कडी असते, तिच्या शेजारी. कडी चांगल्या वाहकाची पण पातळ, अंगठी वाईट वाहकाची पण जाड, दोघींचा प्रतिध्वनी जवळजवळ एकाच वेळी परततो. म्हणून कड्या उकरायचा कंटाळा करणाऱ्याला सोनं मिळत नाही. अमेरिकेचं पाच सेंटचं नाणंही याच पट्ट्यात येतं, कारण ते ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल अशा मिश्रधातूचं असतं.

आता साखळी का गप्प राहिली ते सहज समजेल. साखळी म्हणजे शेकडो चिमुकल्या कड्या, एकमेकींना नुसत्या टेकलेल्या. वीज एका कडीतून दुसरीत नीट जात नाही, प्रत्येक कडीत आपापला इवलासा भोवरा तयार होतो आणि तिथेच मरतो. वाट्यांची कड मात्र सलग गोल असते, विजेला फिरायला रिंगण तयार. हाच हिशेब तुटलेल्या अंगठीचा. कापून ठेवलेली अंगठी अखंड अंगठीच्या तुलनेत फारच क्षीण बोलते, सोनं तेवढंच असूनही. काळे मणी काचेचे, त्यांच्याकडून काही अपेक्षाच नाही.

खोलीचा प्रश्न याहून कठोर आहे. वेटोळ्याच्या रुंदीहून खोल गेलं की चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने घटत जातं. वस्तूकडून परतणारं क्षेत्रही तसंच. दोन्ही मिळून सहावा घात. अंतर दुप्पट झालं तर प्रतिध्वनी चौसष्टाव्या हिश्शावर येतो. म्हणून वीतभर खोलीवर खणखणणारी अंगठी हातभर खोलीवर नाहीशी होते, आणि जास्त ताकदीचं यंत्र आणूनही फार फरक पडत नाही. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने हे दुःख १८८१ मध्येच सोसलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना २ जुलैला गोळी लागली आणि ती शरीरात कुठे अडकली आहे ते डॉक्टरांना सापडेना. बेलने विजेच्या वेटोळ्यांचं यंत्र जुळवलं. पण डॉक्टरांनी त्याला उजवीच बाजू तपासू दिली, आणि गादीखालच्या पोलादी स्प्रिंगांनी आवाजाचा गोंधळ केला. गोळी डाव्या बाजूला, खोल होती. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. यंत्र चुकलं नव्हतं, त्याला चुकीच्या जागी ऐकायला लावलं होतं.

गोड्या पाण्यात शोधणाऱ्याचं नशीब समुद्रावाल्यापेक्षा चांगलं. समुद्राचं पाणी मिठामुळे तळ्याच्या पाण्याहून शंभराहून अधिक पट चांगलं वाहक असतं, म्हणजे ते स्वतःच एका पसरट धातूसारखं वागतं आणि प्रत्येक लाटेला यंत्र उगाच ओरडतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर भर पडते ती इल्मेनाइटच्या काळ्या वाळूची. खारं पाणी आणि लोहयुक्त वाळू, दोन्ही एकदम. अशा जागी वेगळ्या जातीचं यंत्र वापरतात. ते विजेचा झटका देऊन क्षणभर थांबतं, पाण्यातला अल्पायुषी भोवरा विरू देतं आणि मगच ऐकायला लागतं. त्याची किंमत अशी की खिळा आणि अंगठी यांतला फरक सांगायची क्षमता बरीचशी जाते. लेक मिशिगनचं पाणी यंत्राला जवळजवळ दिसतच नाही. कंबरभर पाण्यातही ते कोरड्या वाळूवर असल्यासारखंच ऐकतं.

इथे भरती-ओहोटीही नावालाच, पाच सेंटिमीटरपेक्षा कमी. पण पाणी वर्षानुवर्षांच्या चालीने चढतं-उतरतं. लेक मिशिगन आणि लेक ह्यूरन पाण्याने जोडलेली आहेत, पातळी एकच. जानेवारी २०१३ मध्ये ती नोंदीतल्या नीचांकाला गेली आणि २०२० मध्ये ऑक्टोबर १९८६ च्या उच्चांकाच्या अगदी जवळ आली. दोन टोकांत १.९ मीटरचा फरक. सपाट किनाऱ्यावर याचा अर्थ असा की पाण्याची कड कित्येक मीटर पुढेमागे सरकते. कालची पोहायची जागा आज कोरडी, किंवा कालचा वाळूचा पट्टा आज गळ्याएवढ्या पाण्यात. काठाला समांतर वाळूचे बांध असतात आणि त्यांच्या मधे चर. जाणकार शोधतात ते चरात, कारण लाटांनी हलकी वाळू उचलून नेली की जड वस्तू तिथे उघड्यावर येतात.

नाशिकला रामकुंडावर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून गोदावरीत टाकतात आणि वर येताना त्याला नाणी चिकटलेली असतात. हे जमतं कारण १९९२ पासून आपला रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे आणि त्यात ८३ टक्के लोखंड असतं. त्याआधीचा तांबं-निकेलचा रुपया चुंबकाला दाद देत नाही. आणि मजा अशी की मेटल डिटेक्टरवर लोखंड गाळायची सोय लावून ठेवली तर हा नवा रुपया खिळ्यांबरोबर गाळला जाण्याचीच भीती. लोहचुंबकाने सोनं मात्र कधीच मिळणार नाही.

हे वाचून कोणी यंत्र घेऊन बाहेर पडणार असेल तर आधी जागेची परवानगी विचारावी, ही माझी कळकळीची विनंती. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यातल्या किनाऱ्यांवर, म्हणजे याच तळ्याकाठच्या स्लीपिंग बेअर ड्यून्ससारख्या ठिकाणी, डिटेक्टर वापरायला बंदी आहे. भारतात १८७८ चा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जुन्या वस्तीच्या खुणा एकदा उकरून विस्कटल्या की कोणालाच परत लावता येत नाहीत.

त्या गृहस्थांनी वहिनींना त्या उभ्या होत्या तिथे पुन्हा उभं केलं. पाणी कुठवर होतं? तोंड कोणीकडे होतं? मग आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि काठाला समांतर, सावकाश, थाळी तळाशी टेकवत चालू लागले. पहिल्या अर्ध्या तासात कॅनच्या अकरा कड्या, एक शिशाचं वजन आणि तीन पेनी निघाल्या. प्रत्येक वेळी फावडं खाली जायचं, वर यायचं, भोकांतून वाळू गळायची आणि आम्ही सगळे माना लांब करायचो. मावशी काठावर हात जोडून बसल्या होत्या.

सूर्य मावळायला आला तेव्हा ते थांबले, दोन पावलं मागे आले, थाळी त्याच जागेवरून चार वेळा फिरवली. फावडं दांड्याच्या अर्ध्यापर्यंत घातलं. वाळू गळून गेल्यावर तळाशी खडे, शिंपल्यांचे तुकडे आणि दोन वाट्या होत्या, इंचभर तारेने अजून एकमेकींना धरलेल्या, तारेत एक काळा मणी अडकलेला. बाकीची साखळी मिळाली नाही. त्यांनी पैसे घेतले नाहीत, मावशींनी दिलेले लाडू घेतले. परतीच्या वाटेवर गाडीच्या मागच्या सीटवर वहिनींनी पर्समधून काळा दोरा काढला आणि दोन्ही वाट्या, हातात उरलेले चार मणी आणि तो पाचवा त्यात ओवले.